व्यसनाला लागलेली आपली मुले आणि बाबासाहेबांचा विसरलेला हिशेब

वस्तीतला एखादा मुलगा व्यसनाला लागला की त्याच्याबद्दल दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले वस्तीबाहेरचे: "त्या वस्तीतली पोरे तसलीच." दुसरे आपल्याच माणसांचे: "घरात संस्कार नाहीत, बाबासाहेब वाचले नाहीत, मग दुसरे काय होणार?" पहिले वाक्य बोलणारा जातीवर बोट ठेवतो, दुसरे बोलणारा आईबापावर. पण खोट त्या पोरात आहे, यावर दोघांचेही एकमत असते. एकदा खोट पोरात आहे असे ठरले की बाकी कुणाला काही करावे लागत नाही. सरकारला नाही, शाळेला नाही आणि चळवळीलाही नाही. माझा आक्षेप या सोयीला आहे.

मी उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत, विहाराला लागून असलेल्या खोलीत संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. पाचवीपासून दहावीपर्यंतची मुले येतात. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राचा पदवीधरही नाही. पण डोळ्यांसमोर मुले हातची जात असताना त्यांना नुसत्या शिव्या घालणे जमले नाही म्हणून या विषयात जे मिळेल ते वाचत गेलो, डॉक्टरांना विचारत गेलो. त्यातून जे समजले ते आपल्या तरुण कार्यकर्त्यांपुढे ठेवतो आहे.

खर्र्यापासून सुरुवात करू. विदर्भाबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन तो घोटघोट घोटायचा, की खर्रा तयार होतो. आमच्याकडे पानठेल्यावर हा खर्रा घोटायला लहान मुले बसलेली दिसतात. शाळा सुटल्यावर दोन-तीन तास घोटायचे, हातावर थोडे पैसे पडतात आणि वर एखादी पुडी. अभ्यासिकेत येणारा सातवीतला एक मुलगा असाच होता. तोंडात सतत खर्रा. त्याला विचारले, कशाला खातोस रे? तो म्हणाला, "तोंडात असला का भूक नाही लागत भाऊ. माय रात्री नऊले येते."

आई सकाळी चार घरची धुणीभांडी करते आणि लग्नसराईत संध्याकाळी कॅटरिंगवर जाते. बाप नाही. शाळेतली खिचडी दुपारी खाल्लेली, त्यानंतर रात्री नऊपर्यंत घरात कुणी नाही आणि चुलीवर काही नाही. तंबाखूतल्या निकोटिनने भूक मरते हे विज्ञान त्या मुलाला कुणी शिकवले नव्हते. ते त्याने पोटावर शिकून घेतले. आता सांगा, या मुलाला संस्काराचा कोणता धडा द्यायचा?

याच मुलाची दुसरी बाजूही आहे. तो एका जागी दहा मिनिटे बसू शकत नव्हता. वही उघडली की खिडकीकडे, खिडकीतून बाहेर, बाहेर कुणाशी तरी भांडण. शाळेने त्याला शेवटच्या बाकावर बसवले आणि आईला बोलावून सांगितले, "यांची डोकी अभ्यासात चालायची नाहीत." 'याचे डोके' नाही, 'यांची डोकी'. त्या एका अनेकवचनात सगळी जातव्यवस्था आली. पुढे आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात नेले. डॉक्टरांनी दोन-तीन भेटींनंतर सांगितले की याला अवधान टिकवण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रास आहे, ज्याला एडीएचडी म्हणतात. हा त्रास कुठल्याही जातीत, कुठल्याही घरात असतो. अशा मुलांना वेळेवर मदत मिळाली नाही तर पुढे ती व्यसनाकडे वळण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हेही वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. फरक कुठे पडतो? धरमपेठेतल्या घरात असा मुलगा निघाला तर त्याला समुपदेशक मिळतो, औषध मिळते, शाळा जास्तीचा वेळ देते. आपल्या वस्तीत तोच मुलगा आधी 'मस्तीखोर', मग 'टवाळ' आणि मिसरूड फुटायच्या आत 'मवाली' होतो. आजार एक, पण एकाला केसपेपर मिळतो आणि दुसऱ्याला पोलिस ठाण्यातली नोंद.

किशोरवय मुळातच नाजूक असते. मेंदूतला सुख, थरार, बक्षीस शोधणारा भाग वयात येतानाच जोर धरतो. थांबवणारा, परिणामांचा विचार करणारा कपाळामागचा भाग मात्र पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. म्हणजे गाडीचा वेग तेराव्या वर्षी येतो आणि ब्रेक दहा-बारा वर्षांनी. हे सगळ्याच मुलांचे आहे. म्हणून या वयात मुलाला बाहेरचा ब्रेक लागतो, म्हणजे त्याच्यावर लक्ष ठेवणारे, त्याचे ऐकणारे मोठे माणूस. खर्रा असो, गोळ्या असोत, खोकल्याचे औषध असो की मोबाइलवरचा पैसे लावायचा खेळ असो, सगळे याच कच्च्या जागेवर घाव घालतात. ज्या वयात लागण होते त्या वयात सवय सर्वांत घट्ट बसते.

त्यात घरातल्या आणि बाहेरच्या जखमांची भर पडते. १९९८ साली अमेरिकेत विन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बालपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात दारूडा माणूस, आईला होणारी मारझोड, घरातले कुणी तुरुंगात असणे, असे अनुभव किती आले हे त्यांनी हजारो प्रौढांना विचारले. असे चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव आलेल्यांमध्ये दारूचे व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी वाढलेला आढळला. लक्षात घ्या, या अभ्यासातले बहुतेक लोक गोरे, मध्यमवर्गीय, आरोग्यविमा असलेले होते. आणि त्यांच्या प्रश्नावलीत जात नव्हती. वर्गात आडनाव वाचून बदलणारा गुरुजींचा आवाज नव्हता. शिष्यवृत्तीवरून मारलेला टोमणा नव्हता. वस्तीवर बुलडोझर येणार म्हणून रात्रभर जागे असलेले घर नव्हते. आपल्या मुलांच्या खात्यावर ती प्रश्नावली पूर्ण भरते आणि वर हे सगळे उरते.

हे वाचून कुणी म्हणेल, मग गरिबीतली सगळीच मुले व्यसनी का होत नाहीत? बरोबर आहे, होत नाहीत. बहुतेक मुले तगून जातात. ती का तगतात याचे उत्तरही अभ्यासकांनी शोधले आहे. तगलेल्या बहुतेक मुलांच्या आयुष्यात निदान एक मोठे माणूस खंबीरपणे उभे असते: आजी, मामा, एखादी शिक्षिका, वस्तीतला एखादा दादा. आपल्यापैकी जे शिकले, नोकरीला लागले, चळवळीत आले, त्यांनी आपापले ते माणूस आठवून पाहावे. आपण हुशार होतो म्हणून वाचलो, हा आपला गैरसमज आहे. आपल्याला कुणीतरी धरून ठेवले म्हणून आपण वाचलो.

आता सोल्युशनबद्दल. पंक्चर काढायचे सोल्युशन, व्हाइटनर, थिनर रुमालावर किंवा पन्नीत घेऊन मुले हुंगतात. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये आले. दारू, गांजा, अफू अशा सगळ्या नशांमध्ये हुंगायची नशा हा एकच प्रकार असा निघाला की ज्यात मुलांचे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आहे: १० ते १७ वयात १.१७ टक्के आणि प्रौढांत ०.५८ टक्के. या व्यसनातून बाहेर पडायला मदत लागेल अशा मुलांची संख्या देशात सुमारे ४ लाख ६० हजार. कारण उघड आहे. ही नशा स्वस्त आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि विकत घेताना कुणी वय विचारत नाही.

शेजारच्या वस्तीतला पंधरा वर्षांचा मुलगा या नशेत गेला. विहाराच्या मागच्या भिंतीआड तो आणि दोघेजण पन्नी घेऊन बसले होते. वस्तीतल्या तरुणांनी पाहिले आणि काठ्या घेऊन मागे लागले. तो शंभर-दीडशे पावले पळाला आणि पडला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपला होता. मयतीला आलेल्यांपैकीच एक जण हळूच म्हणाला, "सुंठीवाचून खोकला गेला."

हा प्रसंग मी हळहळ वाटावी म्हणून सांगत नाही. प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असलीच पाहिजे अशी एक गोष्ट त्यात आहे. सोल्युशन आणि थिनरमधल्या रसायनांनी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा वेळी एकाएकी भीती बसली, धावपळ झाली, तर हृदय अचानक बंद पडू शकते. पहिल्याच वेळी हुंगणाऱ्याचेही. म्हणून हुंगत असलेल्या मुलाच्या मागे कधीही धावू नये, दरडावू नये, मारू नये. शांतपणे जवळ जावे, मोकळ्या हवेत आणावे, बसवावे, शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. त्या तरुणांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना विहार स्वच्छ ठेवायचा होता. पण हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते, कारण आपल्या शिबिरांत आपण इतिहास शिकवतो, संविधान शिकवतो, शेजारच्या पोराला कसे वाचवायचे ते शिकवत नाही.

"ती पोरे तसलीच" या वाक्याला इतिहास आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ साली रद्द झाला, पण त्यामागचा विचार रद्द झाला नाही. गुन्हा रक्तातून येतो हे मानणारा समाज तो विचार मनुस्मृतीपासून सांभाळत आला आहे. आज वस्तीतल्या मुलाला पाहताच पोलिसाचा हात खिशाकडे न जाता कॉलरकडे जातो तो याच विचाराने. म्हणून आपल्या मुलाच्या वागण्याला आजार म्हणून ओळख मिळवून देणे, त्याला आरोपीच्या रांगेतून काढून उपचाराच्या रांगेत उभे करणे, हे दयाधर्माचे काम नाही, ती जातिअंताच्या लढाईतलीच एक बाजू आहे.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार नशेच्या किंवा तिच्या व्यापाराच्या जाळ्यात ओढले जाण्याचा धोका असलेले मूल हे 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक' आहे. त्याची जागा कोठडीत नाही, त्याला बालकल्याण समितीपुढे न्यायचे असते. मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला याच कायद्याच्या कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दारू किंवा अमली पदार्थ विकायला किंवा पोहोचवायला मुलाला वापरणाऱ्यालाही कलम ७८ खाली तेवढीच शिक्षा आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने व्यसनाशी जोडलेला त्रास मानसिक आजारात धरला आहे आणि सरकारी उपचार हा हक्क मानला आहे. आपण ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे तोंडपाठ केली तशी ही कलमेही करायला हवीत.

आता घरातले बोलू. जयंतीच्या काळात आपल्याच काही मंडळांच्या कमानीवर कुणाचे फोटो असतात? वर्गणीचा मोठा आकडा कुणाच्या नावापुढे असतो? निवडणुकीत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना रात्रभर झेंडे बांधायला लावून पहाटे बिर्याणी आणि बाटली कोण देतो? खर्र्याच्या आणि दारूच्या पैशावर जयंती साजरी करायची आणि मिरवणुकीत झिंगलेल्या पोराला बाजूला घेऊन "बाबासाहेबांचे नाव खराब करतोस" म्हणून कानशिलात मारायची, हे दुटप्पी आहे. त्या पोराला झिंगवले कुणी, हा प्रश्न आधी.

आपण प्रत्येक कार्यक्रमात पंचशील ग्रहण करतो. पाचवे शील मद्य आणि मादक वस्तूंपासून दूर राहण्याचे. पण त्या पाली पाठात प्रत्येक शीलाला शिक्षापद म्हटले आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. शिक्षापद म्हणजे शिकण्याचा, सरावाचा नियम. माणूस चुकेल, पुन्हा उभा राहील, पुन्हा ग्रहण करेल, म्हणून ते रोज घ्यायचे. शील हा दुसऱ्याला मोजायचा गज नाही. व्यसनातून बाहेर पडणारा मुलगा दोनदा, चारदा घसरतो, हे या आजाराचे लक्षणच आहे. प्रत्येक घसरणीला त्याला विहाराबाहेर काढायचे असेल तर पंचशील आपण फक्त पाठ केले, घेतले नाही.

बाबासाहेबांनी आपल्याला दोन्ही बाजू दाखवल्या होत्या. १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यांनी आपल्या बायाबापड्यांना बजावले की नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका. पुढे १९५६ साली दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. हे आपण लक्षात ठेवले. पण त्याच १९२७ सालच्या १२ मार्चला, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या आठ दिवस आधी, मुंबई विधिमंडळात त्यांनी सरकारपुढे एक हिशेब मांडला होता. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून, म्हणजे दारूवरच्या करातून, माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते. घेणे देण्याच्या जवळपास अडीच पट. जेवढे लोकांकडून अबकारीतून घेता, निदान तेवढे त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, हे त्यांचे म्हणणे होते.

माणसाने स्वतःला सावरावे आणि सरकारने हिशेब द्यावा, अशा दोन्ही गोष्टी बाबासाहेबांनी एकाच वर्षात सांगितल्या. आपण पहिली घेतली आणि तीही दुसऱ्याला ऐकवण्यापुरती. दुसरी विसरलो.

तो हिशेब आज मांडून पाहा. महाराष्ट्राला दारूवरच्या उत्पादन शुल्कातून वर्षाला २० हजार कोटी रुपयांहून अधिक मिळतात. २०२५ च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचे शुल्क वाढवले तेव्हा आणखी १४ हजार कोटी मिळतील असे सांगितले गेले. हा पैसा कुणाच्या संसारातून येतो हे सांगायला नको. त्यातला किती मुलांच्या मानसिक आरोग्यावर जातो? बहुतेक व्यसनमुक्ती केंद्रे प्रौढ पुरुषांसाठी चालतात. तेरा वर्षांच्या मुलाला चाळीस वर्षांच्या दारूड्याच्या शेजारच्या खाटेवर ठेवून तो सुधारेल काय? दारूबंदी करा ही मागणी मी इथे करत नाही. चंद्रपुरात २०१५ ला बंदी झाली आणि २०२१ ला उठली. मधल्या काळात चोरटा धंदा फोफावला आणि त्यात लहान मुलेही ओढली गेली. बाटली बंद झाली तरी मुलाची रिकामी संध्याकाळ तशीच राहिली. माझी मागणी बाबासाहेबांच्याच पद्धतीची आहे: दारूच्या महसुलातला ठरावीक वाटा कायद्याने मुलांसाठी बाजूला काढा. प्रत्येक जिल्ह्यात किशोरवयीन मुलांसाठी वेगळा उपचार विभाग, प्रत्येक सरकारी आणि पालिका शाळेला समुपदेशक, आणि प्रत्येक वस्तीत दुपारनंतर मुलांना पोटभर खाणे आणि बसायला जागा.

सरकार ते देईल तेव्हा देईल. तोवर आपल्या हातात काय आहे? विहार आणि समाजमंदिरे आपल्या हातात आहेत. जयंती-पौर्णिमा सोडल्या तर त्यांना बहुतेक दिवस कुलूप असते. ती रोज दुपारी चार ते रात्री नऊ उघडी ठेवा. आळीपाळीने दोन मोठी माणसे तिथे बसू द्या, त्यातली एक बाई असू द्या, कारण मुलींचे व्यसन आणि मुलींचे दुःख आपल्याला दिसतच नाही. मूठभर फुटाणे, पातेलंभर पोहे, एक कॅरम, एक फुटबॉल. आमच्याकडे एवढ्यावरच सुरुवात झाली. नशा करून आलेल्या मुलाला त्या दिवशी अभ्यासाला बसवू नका, पण हाकलूही नका. १४४१६ हा टेलिमानसचा, १४४४६ हा नशामुक्तीचा आणि १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा. खर्र्याच्या आणि दारूच्या धंद्यातल्या माणसाची वर्गणी जयंती समितीने घेणार नाही, असा ठराव करा. चौदा वर्षांखालचे मूल खर्रा घोटताना दिसले तर ठेलेवाल्याला एकदा समजवा, दुसऱ्यांदा तक्रार करा.

सातवीतला तो मुलगा आज दहावीत आहे. औषध चालू आहे, खर्रा पूर्ण सुटलेला नाही. मधे महिनाभर तो आलाच नाही, मग आपणहून आला. गणितात कच्चा आहे, पण रोज साडेचारला कुलूप उघडायला तोच पुढे असतो, कारण किल्ली त्याच्याकडे दिली आहे. तो सुधारला असे मी म्हणणार नाही. तो अजून आपल्यात आहे, एवढेच म्हणेन. शेजारच्या वस्तीतला मुलगा आपल्यात नाही.

येत्या १४ एप्रिलची बैठक आपापल्या वस्तीत लवकरच बसेल. डीजे किती वाजेपर्यंत, कमान कुठे, पाहुणा कोण, हे सगळे ठरेल. त्या बैठकीत एकच प्रश्न जास्तीचा विचारा: १५ एप्रिलच्या दुपारी चार वाजता विहाराचे दार कोण उघडणार? ज्याचा हात वर येईल त्याच्यासोबत उभे राहा.

जयभीम!